हिमालयाची थकबाकी

नेपाळमध्ये २५ एप्रिल २०१५ रोजी झालेल्या भूकंपाने सुमारे नऊ हजार माणसांचा बळी घेतला आणि पाच लाखांच्या आसपास घरे जमीनदोस्त केली. त्याला आता दशक उलटून गेले आहे. काठमांडूतील कोसळलेला धरहरा मनोरा २०२१ मध्ये नव्याने उभा राहिला, दरबार चौकांतील मंदिरांची डागडुजी झाली. हिमालयात मोठा भूकंप होणार, असे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे सांगत होते. तो अखेर झाला आणि आता निदान दोन-तीन पिढ्यांना चिंता नाही, अशी समजूत सर्वसामान्यांची होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उपग्रहांच्या साह्याने घेतलेली मोजमापे नेमके उलटे सांगतात. २०१५ च्या भूकंपाने हिमालयाच्या पोटातील ताणाचा एक लहानसा हिस्साच मोकळा केला आणि ज्या भागातील ताणाची सर्वाधिक धास्ती होती, तो भाग जसाच्या तसा राहिला.

हे ठामपणे म्हणता येते, त्याचे श्रेय बऱ्याच अंशी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील कॅलटेक या विद्यापीठाच्या एका संशोधन गटाला जाते. फ्रेंच भूशास्त्रज्ञ ज्याँ-फिलिप अव्वाक यांनी नेपाळच्या खाण व भूगर्भ विभागाबरोबर १९९० च्या दशकात सुरू केलेले काम ते कॅलटेकमध्ये दाखल झाल्यावर विस्तारले. २००४ मध्ये गॉर्डन व बेट्टी मूर फाउंडेशनच्या देणगीतून तेथे भूपट्टांच्या हालचालींचा अभ्यास करणारी 'टेक्टॉनिक्स ऑब्झर्व्हेटरी' उभी राहिली. त्यातून नेपाळच्या डोंगरदऱ्यांत वीसपेक्षा अधिक जीपीएस केंद्रे बसविण्यात आली. ही केंद्रे कोणाला रस्ता दाखवत नाहीत. एका जागी उभे राहून आपण स्वतः किती सरकलो, एवढीच नोंद ती रात्रंदिवस घेत असतात.

मिलिमीटरचा हिशेब

मोबाइलमधील जीपीएस काही मीटरची चूक सहज करते, हा सर्वांचाच अनुभव. मग त्याच उपग्रहांकडून मिलिमीटरचा हिशेब कसा मिळतो, हा प्रश्न रास्त आहे. मोबाइल उपग्रहाच्या संदेशातील वेळ वाचतो. भूशास्त्रीय केंद्रातील यंत्र तो संदेश वाहून आणणारी लहरच मोजते. या लहरीची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते आणि तिचा नेमका कोणता अंश यंत्रापर्यंत पोहोचला, हे समजले की अंतर मिलिमीटरपर्यंत काढता येते. अर्थात त्यासाठी यंत्राचा पाया अस्सल कातळात रोवलेला असावा लागतो, उपग्रहांच्या कक्षा अचूक ठाऊक असाव्या लागतात आणि हवेतील बाष्पामुळे लहरींना होणारा विलंब वजा करावा लागतो. पावसाळ्यात हे शेवटचे काम फार किचकट होते. तरीही एकाच ठिकाणच्या पाच-दहा वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या, की ते ठिकाण वर्षाला किती आणि कोणत्या दिशेला सरकते, हे मिलिमीटरच्या अंशापर्यंत सांगता येते.

या तंत्राने हिमालयाचे मोजमाप करण्याचा पहिला मान कॅलटेकचा नव्हे. कोलोरॅडो विद्यापीठाचे रॉजर बिल्हम यांनी १९९१ पासूनच नेपाळमध्ये जीपीएसने मोजणी सुरू केली होती. २००१ मध्ये बिल्हम, बंगळूरचे भूभौतिकशास्त्रज्ञ विनोद गौर आणि पीटर मोलनार या तिघांनी 'सायन्स' नियतकालिकात हिमालयातील संभाव्य महाभूकंपांचा आढावा घेतला. पाच कोटी लोक या धोक्याच्या छायेत आहेत आणि त्यांतील पुष्कळसे गंगेच्या मैदानातील गावा-शहरांत राहतात, असे त्यात म्हटले होते. त्यावेळी उपलब्ध मोजमापे विरळ होती. कॅलटेकच्या जाळ्यामुळे हा हिशेब पक्का झाला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार मध्य व पूर्व नेपाळमध्ये भारतीय भूपट्ट हिमालयाखाली वर्षाला सुमारे १८ मिलिमीटर घुसतो. पश्चिम नेपाळात हा वेग साडेवीस मिलिमीटरच्या आसपास आहे. थोडक्यात, वर्षाला बोटाचे एक पेर.

घुसतो म्हणायचे, पण सगळीकडे तो घुसू शकत नाही. भारतीय भूपट्ट आणि हिमालय यांच्यामध्ये उत्तरेकडे उतरत जाणारा एक प्रचंड, तिरका प्रस्तरभंग आहे. तिबेटच्या बाजूला, खोलवर, तेथील खडक इतके तापलेले आहेत की दोन्ही बाजू विनासायास एकमेकींवरून घसरतात. परंतु तेथून दक्षिणेकडे, पायथ्याच्या टेकड्यांपर्यंतचा सुमारे शंभर किलोमीटर रुंदीचा पट्टा घट्ट अडकलेला आहे. मागून वर्षाला दोन सेंटिमीटर ढकलणे सुरूच आहे, पुढचा भाग मात्र हलत नाही. ही तफावत खडकांत ताण म्हणून साठत राहते. २०१२ च्या त्या विश्लेषणातील सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष हा, की नेपाळच्या संपूर्ण लांबीत हा पट्टा सलग अडकलेला दिसतो. मधला एखादा भाग भूकंपाविना हळूहळू घसरत असता, तर फुटत येणारा भूकंप तेथे थांबण्याची आशा तरी होती. तसा भाग आढळला नाही.

या नोंदींतून अनपेक्षितपणे पावसाळाही दिसू लागला. जून ते सप्टेंबर या काळात गंगेच्या मैदानावर पडणाऱ्या, नद्यांत वाहणाऱ्या आणि जमिनीत मुरणाऱ्या पाण्याचे वजन एवढे असते, की त्याखाली भूकवच काही मिलिमीटर दबते आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येते. नेपाळमधील केंद्रे दरवर्षी या तालात डोलतात. हिमालयाचे आकुंचन हिवाळ्यात किंचित वेगाने होते आणि लहान भूकंपांची संख्याही हिवाळ्यात जास्त असते, असे अव्वाक यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवून दिले. कोयनेच्या जलाशयातील पाणी आणि भूकंप यांच्या नात्याची चर्चा ऐकत मोठ्या झालेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. फरक एवढाच की कोयनेत प्रामुख्याने फटींमध्ये शिरलेल्या पाण्याचा दाब कारणीभूत मानला जातो, तर नेपाळमध्ये पाण्याच्या वजनाने अख्खे मैदान वाकते. मात्र यावरून मोठा भूकंप हिवाळ्यातच होणार, असा अर्थ कोणी काढू नये. १९३४ चा बिहार-नेपाळ भूकंप जानेवारीत झाला, २०१५ चा एप्रिलमध्ये, तर १५०५ चा जूनमध्ये.

अकरा वाजून छप्पन्न मिनिटे

२०१५ च्या भूकंपापूर्वी जेमतेम एक आठवडा आधी जगभरातील सुमारे पन्नास भूकंपतज्ज्ञ काठमांडूत जमले होते. विषय होता काठमांडूसारख्या दाट वस्तीच्या शहराची पूर्वतयारी. त्यांच्यापैकी कोणालाही पुढच्या शनिवारी काय होणार, हे ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक असणे शक्यही नव्हते. उपग्रहांची मोजमापे ताण किती साठला हे सांगतात. तो केव्हा सुटेल हे सांगत नाहीत.

शनिवारी सकाळी ११ वाजून ५६ मिनिटांनी, काठमांडूच्या वायव्येला सुमारे ८० किलोमीटरवर गोरखा जिल्ह्यात भूकंप सुरू झाला. तीव्रता ७.८. शनिवार हा नेपाळमध्ये सुटीचा दिवस असल्याने शाळा रिकाम्या होत्या. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, पण त्यांत मुले नव्हती. प्रस्तरभंग पूर्वेकडे, म्हणजे काठमांडूच्या दिशेने, सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने सुमारे १४० किलोमीटर उलगडत गेला. कॅलटेकच्या काही केंद्रांमध्ये सेकंदाला पाच नोंदी घेण्याची सोय होती आणि नेमकी ही केंद्रे फुटणाऱ्या भागाच्या माथ्यावर होती. एखाद्या महाद्वीपीय भूकंपाच्या वेळी जमीन कशी सरकते, हे इतक्या जवळून यापूर्वी क्वचितच नोंदले गेले होते. संपर्कयंत्रणा तुटल्यामुळे दुर्गम भागातील केंद्रांच्या नोंदी नंतर हेलिकॉप्टरने जाऊन आणाव्या लागल्या.

त्या नोंदींनी एक कोडे सोडविले. ७.८ तीव्रतेचा भूकंप काठमांडूच्या खालून गेल्यावर शहरातील बहुतांश घरे पडतील, असे पूर्वीचे अंदाज होते. तसे झाले नाही. दोन-चार मजली घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. उंच धरहरा मात्र कोसळला. काठमांडूच्या उत्तरेला काकनी येथील टेकडीवरचे केंद्र आणि खोऱ्यातील केंद्र यांच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर कारण उलगडले. प्रत्येक ठिकाणची घसरण सुमारे सहा सेकंदांत, पण कोणत्याही तीव्र हिसक्याविना पार पडली. लहान घरांना धोकादायक ठरणारी झपाट्याची थरथर त्यामुळे कमी राहिली. काठमांडूचे खोरे हे जुन्या सरोवराच्या गाळाने भरलेले आहे. तो गाळ चार ते पाच सेकंदांच्या संथ हेलकाव्यांनी घुमू लागला. दहा मजल्यांची इमारत साधारण एका सेकंदाच्या हेलकाव्याला प्रतिसाद देते, हा अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा लक्षात घेतला, तर संथ हेलकावे बैठ्या घरांपेक्षा उंच बांधकामांना का भोवतात, हे कळते. शहरातील अनेक घरे वाचली त्यात बांधकामाच्या दर्जाचा वाटा होताच असे नाही. बराचसा वाटा योगायोगाचा होता. पुढचा भूकंप याच सुरात बोलेल, याची हमी नाही. डोंगरातील खेड्यांत दगड-मातीची घरे मात्र सरसकट बसली आणि बहुसंख्य बळी तेथेच गेले.

युरोपच्या सेंटिनेल-१ आणि जपानच्या आलोस-२ या रडार उपग्रहांच्या प्रतिमांनी चित्र पूर्ण केले. जीपीएस केंद्र एका बिंदूची हालचाल सांगते. रडार उपग्रह भूकंपापूर्वी आणि भूकंपानंतर तोच प्रदेश टिपतो आणि दोन्ही वेळच्या परावर्तित लहरींतील फरकावरून सबंध प्रदेश किती उचलला वा दबला, हे दाखवितो. काठमांडूच्या परिसरातील जमीन सुमारे एक मीटर वर उचलली गेली आणि त्याच्या उत्तरेकडील उंच रांगा काहीशा खचल्या. तेव्हा वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना एव्हरेस्टची उंची घटली का, याचीच अधिक उत्सुकता होती. ती पुढे २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने संयुक्तपणे ८,८४८.८६ मीटर अशी जाहीर केली. खरी बातमी काठमांडूच्या दक्षिणेला होती, आणि ती अशी की तेथे फारसे काही घडलेच नव्हते.

काय फिटले, काय उरले

अडकलेल्या शंभर किलोमीटर रुंद पट्ट्याची फक्त उत्तरेकडील, खोलवरची कड २०१५ मध्ये सुटली. भूकंप जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचलाच नाही. काठमांडूच्या दक्षिणेकडील, मैदानाला भिडणारा उथळ भाग अडकलेलाच राहिला. मोठ्या भूकंपानंतर असा भाग कित्येकदा महिनोन्‌महिने हळूहळू घसरून ताण कमी करतो. येथेही तसे होईल, अशी आशा होती. बिल्हम यांच्या कोलोरॅडोतील सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये दाखवून दिले, की अशी घसरण अगदी नगण्य झाली. १८३३ मध्येही काठमांडूला जवळपास असाच भूकंप झाला होता. तोही बहुधा असाच अर्धवट राहिला. याउलट १९३४ च्या भूकंपाने पूर्व नेपाळात जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत भेग पाडली. बिहारात मुंगेर शहर त्याने उद्ध्वस्त केले, मैदानातील वाळू-पाणी जमिनीतून उसळून वर आले आणि विस्तीर्ण पट्ट्यातील घरे जमिनीत रुतली.

अधिक गंभीर प्रश्न पश्चिमेकडचा आहे. गोरखापासून हिमाचल प्रदेशातील कांगड्यापर्यंतच्या सुमारे ८०० किलोमीटरच्या पट्ट्यात १५०५ नंतर अतिप्रचंड भूकंप झाल्याची नोंद नाही. १८०३ मध्ये गढवालला जबर धक्का बसला होता, पण त्याने किती ताण कमी केला, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. गणित साधे आहे: वर्षाला दोन सेंटिमीटर या हिशेबाने पाच शतकांत दहा मीटर. २०१५ मध्ये फुटलेल्या भागातील सर्वाधिक घसरण सहा मीटरच्या आसपास होती आणि तीही थोड्याशा क्षेत्रात. ही सगळी थकबाकी एकाच वेळी वसूल होईल, असे कोणीही म्हणत नाही. ती अनेक हप्त्यांत वसूल होऊ शकते. परंतु लहानसहान भूकंपांनी ती फिटत नाही, हे मात्र निश्चित. ७ तीव्रतेचे सुमारे तीस भूकंप मिळून ८ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडते.

याच पट्ट्यात उत्तराखंड आहे, २६० मीटर उंचीचे टिहरी धरण आहे आणि महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो भाविक ज्या वाटेने जातात, त्या चारधाम यात्रेचे रुंद केलेले रस्ते आहेत. पायथ्यापासून अडीचशे किलोमीटरच्या आत दिल्ली आहे, आणि गंगा-यमुनेच्या गाळावर उभ्या राहिलेल्या तेथील उपनगरांतील गगनचुंबी इमारती आहेत. १५०५ मध्ये, अर्थातच, त्या नव्हत्या.

मराठवाड्यात हे का चालत नाही

मग हाच मापदंड महाराष्ट्राला का लावू नये? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे ढिगाऱ्यांखाली गेली. तो भूकंप हिमालयापासून शेकडो कोस दूर, भूपट्टाच्या आत, स्थिर समजल्या जाणाऱ्या दख्खनच्या खडकात झाला. संपूर्ण भारतीय भूपट्ट ईशान्येकडे वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतो आणि त्याबरोबर मुंबई, पुणे, लातूर हेही सरकतात. मात्र त्यांच्यातील परस्पर अंतर जवळजवळ बदलत नाही. जो काही बदल होतो तो मोजमापातील चुकीइतकाच किंवा त्याहून कमी असतो. शेकडो वा हजारो वर्षांत कणाकणाने साठणारा ताण वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींत दिसत नाही. हिमालयात ज्या तंत्राने धोक्याची आगाऊ जाणीव होते, त्याच तंत्राच्या मौनाचा अर्थ मराठवाड्यात सुरक्षितता असा लावता येणार नाही.

आकडे कोणाचे?

नेपाळच्या कामातून दुसरी एक गोष्ट ठळक झाली. भूकंपानंतर काही आठवड्यांत जगभरच्या गटांनी आपापली विश्लेषणे प्रसिद्ध केली, कारण जीपीएसच्या नोंदी आणि सेंटिनेलच्या प्रतिमा सर्वांना विनामूल्य उपलब्ध होत्या. एकाचे गणित दुसऱ्याने तपासले, चुका दिसल्या, सुधारल्या. भारतात डेहराडूनची वाडिया संस्था आणि हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था यांची हिमालयात स्वतःची जाळी आहेत आणि त्यांचे संशोधन दर्जेदार आहे. मूळ नोंदी मात्र बाहेरच्या संशोधकाला तितक्या सहजतेने हाती लागत नाहीत.

जोशीमठच्या वेळी काय झाले, हे फार जुने नाही. तेथील खचणे हा भूपट्टांच्या टकरीचा थेट परिणाम नव्हता. अस्थिर उतारावरील जमीन सरकत होती. पण मोजण्याचे साधन तेच, रडार उपग्रह. इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत तेथील जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याचे म्हटले होते. हा आकडा देशभर गाजताच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सरकारी संस्थांना माध्यमांशी बोलण्यास आणि माहिती समाजमाध्यमांवर टाकण्यास मनाई केली. अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला. अपुऱ्या विश्लेषणातून गोंधळ माजू नये, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच अनाठायी नव्हता. परंतु ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते, त्यांना आकडा लपविल्याने दिलासा मिळाला असेल, असे मानणे कठीण आहे.

आता ही लपवाछपवी तांत्रिकदृष्ट्याच अवघड होत चालली आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून 'निसार' हा उपग्रह झेपावला. त्याचे एक रडार नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने बनविले असून ही प्रयोगशाळा चालविते ते कॅलटेकच; दुसरे रडार इस्रोने बनविले आहे. दर बारा दिवसांनी तोच भूभाग पुन्हा टिपायचा, अशी या उपग्रहाची आखणी आहे. नासाच्या रडारची लहर सुमारे २४ सेंटिमीटर लांबीची, म्हणजे सेंटिनेलच्या चौपट असल्याने झाडीतून पार होऊन जमिनीपर्यंत पोहोचण्याची तिची क्षमता अधिक आहे. हिमालयाच्या दक्षिण उतारावरील दाट जंगलांत सेंटिनेलच्या प्रतिमा अनेकदा धूसर पडतात. तेथे ही लहर उपयोगी पडेल. शिवाय प्रतिमा सर्वांना खुल्या ठेवण्याचे धोरण दोन्ही संस्थांनी स्वीकारले आहे.

पश्चिम नेपाळात धोका किती आहे, हे सांगण्यासाठी मात्र निसारची वाट पाहावी लागली नाही. ३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री जाजरकोट जिल्ह्यात अवघ्या ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला. जिची भीती बाळगली जाते, त्या ८ तीव्रतेच्या भूकंपातून याच्या अडीच हजार पटींहून अधिक ऊर्जा बाहेर पडते. तरीही जाजरकोट आणि शेजारच्या पश्चिम रुकुम जिल्ह्यांत दीडशेहून अधिक माणसे मरण पावली. बहुतेक जण झोपेत होते आणि घरे दगड-मातीची होती. काठमांडूच्या खोऱ्यात २०१५ पूर्वीच ज्या शाळांच्या इमारती मजबूत केल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या, हे नेपाळ सरकारला तेव्हाही ठाऊक होते.